जिथे बहिरेपण आड येत नव्हते

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत साधारण ५,७०० लोकांमागे एक जण जन्मतः कर्णबधिर असे. या बेटावर मात्र हे प्रमाण १५५ जणांमागे एक, तर तिथल्या चिलमार्क गावात २५ जणांमागे एक इतके होते. इंग्लंडमधील केंट परगण्यातून आलेल्या काही कुटुंबांत बहिरेपणाचे अप्रभावी जनुक होते. आई आणि वडील, दोघांकडूनही ते मिळाले तरच मूल बहिरे जन्मते. पिढ्यान्‌पिढ्या बेटावरच सोयरिकी झाल्याने हा योग वारंवार येई.

पण बेटाचे खरे वेगळेपण पुढेच आहे. ऐकू येणारी मुलेही तिथे लहानपणीच खुणांची भाषा शिकत. घरात, दुकानात, मासेमारीच्या होड्यांवर ती सर्रास चाले. बहिरी माणसे इतरांसारखीच मासे पकडत, शेती करत, संसार थाटत, गावच्या कारभारात भाग घेत. मानववंशशास्त्रज्ञ नोरा एलन ग्रोस यांनी बेटावरच्या वृद्धांशी बोलून १९८५ मध्ये यावर पुस्तक लिहिले. आपले जुने शेजारी अपंग होते, असे या वृद्धांना वाटतच नव्हते.

पुढे बाहेरच्यांशी लग्ने होऊ लागली, बहिरी मुले जन्मेनाशी झाली आणि ती भाषाही विसाव्या शतकात लोपली.

याचा अर्थ उपचार किंवा श्रवणयंत्र निरुपयोगी आहे असा नाही. वेदना समाज बदलल्याने थांबत नाही. मात्र शरीरातील उणीव आणि तिच्यामुळे होणारी अडवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारताच्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने हा फरक मान्य केला आहे. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झालेच. शिवाय दीर्घकालीन उणीव आणि भोवतालचे अडथळे मिळून समाजातील सहभाग रोखला जातो, अशी त्याची व्याख्या आहे. आरक्षणासाठी मात्र किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते देताना तपासणी होते ती व्यक्तीच्या शरीराची. बँकेच्या खिडकीवर, दवाखान्यात किंवा वर्गात खुणांची भाषा जाणणारे कोणी आहे का, हे त्या टक्क्यांत कुठेच मोजले जात नाही.