वळवाचे वादळ आणि हवामान-अ‍ॅपची निवड

चैत्र संपून वैशाख लागला की महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या मनास एक निराळीच काळजी लागून राहते. सकाळी आभाळ निरभ्र असते, दुपारी ऊन रणरणते. आणि तिसऱ्या प्रहरी क्षितिजावर एक काळा ढग उभा राहतो. तासाभरात सोसाट्याचा वारा सुटतो, विजा कडकडतात, कधी गारा पडतात. सायंकाळी पुन्हा चांदणे पडते. परंतु तेवढ्या अवधीत काढून ठेवलेला कांदा भिजलेला असतो, आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडलेला असतो, आणि एखाद्या झाडाखाली आसऱ्यास उभी राहिलेली माणसे व जनावरे विजेला बळी पडलेली असतात. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८८७ माणसे मृत्यू पावली. शेतात काम करणाऱ्यास हा धोका अधिक, कारण वादळाच्या वेळी तो उघड्यावर असतो.

अशा प्रसंगी एक तास आधी सूचना मिळाली तर पुष्कळ काही वाचविता येते. ही सूचना आता मोबाईलवर मिळू शकते. तथापि हवामानाची अ‍ॅप अनेक आहेत; एकाच गावासाठी एक अ‍ॅप ऊन दाखविते, तर दुसरे पाऊस. यांपैकी कोणत्यावर विसंबावे, आणि किती, याचा विचार ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने व शेतकऱ्याने उन्हाळा लागण्यापूर्वीच करणे इष्ट आहे.

वादळाचा स्वभाव

साधन निवडण्यापूर्वी ज्याच्यासाठी ते निवडावयाचे, त्याचा स्वभाव ओळखणे अवश्य आहे. उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते, आणि समुद्राकडून आलेली बाष्पयुक्त हवा तिच्यात मिसळली म्हणजे तिचे उंच ढग बनतात. असा ढग दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच जातो व त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. साध्या गडगडाटी ढगाचे आयुष्य अर्ध्या तासापासून सुमारे एक तासापर्यंत असते आणि त्याचा विस्तार काही थोड्या किलोमीटरांचा असतो. म्हणूनच एका शिवारात गारांचा थर साचतो आणि शेजारच्या शिवारात धूळही भिजत नाही. मात्र अशा ढगांची रांगच्या रांग तयार झाली, तर नुकसान अनेक जिल्ह्यांत पसरते. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट शेतकरी अद्याप विसरलेले नाहीत.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. उद्या जिल्ह्यात वादळास अनुकूल हवा राहील, एवढे आज सांगता येते. परंतु ते वादळ कोणत्या गावावर व किती वाजता येईल, हे आज कोणीही निश्चित सांगू शकत नाही. संगणकावर अंदाज करताना पृथ्वीच्या पृष्ठाचे चौकोन कल्पिलेले असतात. मे २०२५ मध्ये देशात सुरू झालेल्या भारत अंदाज प्रणालीत हा चौकोन सहा किलोमीटरांचा आहे. त्यापूर्वी तो बारा किलोमीटरांचा होता. चौकोन लहान झाला हे खरे, तरी एकटादुकटा ढग त्यातूनही निसटू शकतो. यास्तव जे अ‍ॅप चार दिवस आधीच गावाच्या नावापुढे ‘दुपारी ३ वाजता पाऊस’ असे लिहिते, त्याने अचूकतेचा आव आणलेला आहे असे समजावे.

तीन गरजा, तीन साधने

शेतकऱ्यास तीन प्रकारचे निर्णय करावे लागतात, आणि प्रत्येकास निराळ्या प्रकारची माहिती लागते.

पहिला निर्णय दिवसांचा: कांदा उद्या काढावा की आठवडाभर थांबावे, फवारणी केव्हा करावी. यासाठी ‘मेघदूत’ हे अ‍ॅप उपयोगी पडते. भारतीय हवामान विभाग, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि भारतीय कृषि संशोधन परिषद यांनी ते २०१९ मध्ये सुरू केले. त्यात पुढील काही दिवसांचा अंदाज व पिकांविषयी सल्ला मिळतो. सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो आणि प्रादेशिक भाषांतही दिला जातो. परंतु आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या सल्ल्याकडून आज दुपारच्या वादळाची वर्दी मागणे योग्य नव्हे.

दुसरा निर्णय तासांचा: आज मजूर शेतात पाठवावेत काय, आणि पाठविल्यास कोणत्या कामावर. यासाठी ‘मौसम’ हे हवामान विभागाचे अ‍ॅप पाहावे. ते २७ जुलै २०२० रोजी सुरू झाले. त्यात जिल्हावार इशारे रंगांनी दाखविलेले असतात. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे, नारिंगी म्हणजे तयारीत राहावे, आणि लाल म्हणजे कृती करावी. याखेरीज पुढील तीन तासांपुरता तात्कालिक इशाराही त्यात मिळतो व रडारची चित्रे पाहता येतात. अचानक उठणाऱ्या वादळासाठी ह्या दोन सोयी सर्वांत मोलाच्या होत.

तिसरा निर्णय मिनिटांचा: आता, ह्या घटकेस, शेत सोडावे काय. यासाठी ‘दामिनी’ हे अ‍ॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. वीज चमकली की तिच्यापासून रेडिओलहरी निघतात. देशात ठिकठिकाणी बसविलेली ऐंशीहून अधिक संवेदनयंत्रे त्या टिपतात, आणि लहरी कोणत्या यंत्राजवळ किती आधी पोचल्या यावरून वीज कोठे चमकली हे काढले जाते. वापरणाऱ्याच्या भोवती २० व ४० किलोमीटरांच्या टापूत विजा होत असल्यास हे अ‍ॅप सूचना देते. हा दूरचा अंदाज नव्हे. घडत असलेल्या गोष्टीची ती वर्दी आहे, म्हणून तिचे महत्त्व वेगळे आहे.

ह्या तिन्हींपैकी कोणतेही एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. तराजूने अंतर मोजता येत नाही, आणि फुटपट्टीने वजन करता येत नाही.

अन्य अ‍ॅपची परीक्षा

खाजगी कंपन्यांची अ‍ॅपही पुष्कळ शेतकरी वापरतात. ती सर्वस्वी टाकाऊ आहेत असे नाही. मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. माहिती कोणत्या वेळी ताजी केली, हे त्यात लिहिलेले आहे काय? गेल्या तासाभराचे रडारचे किंवा विजेचे प्रत्यक्ष चित्र त्यात दिसते काय, की केवळ ढगाचे एक ठराविक चित्र? मोबाईल खिशात असतानाही ते आपण होऊन सूचना देते काय? आणि सूचनेची भाषा घरातील सर्वांना समजते काय? ह्या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर ते अ‍ॅप उद्याच्या उन्हाचा अदमास घेण्यापुरते ठेवावे, वादळासाठी नव्हे.

‘पावसाची शक्यता ३० टक्के’ ह्या शब्दांचाही अर्थ नीट समजून घ्यावा. तीस टक्के शेतात पाऊस पडेल असा तो अर्थ नाही. अशा प्रकारची हवा असलेल्या दहा दिवसांपैकी सुमारे तीन दिवशी त्या ठिकाणी पाऊस पडतो, असे त्यातून सुचविले जाते. कांदा उघड्यावर पडला असेल, तर दहांत तीन हा धोका थोडा नव्हे. ताडपत्री हाताशी ठेवण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

रडारचे चित्र कसे वाचावे

रडार आपल्या लहरी आकाशात सोडते व पावसाच्या थेंबांवरून आणि गारांवरून परतलेल्या लहरी टिपते. चित्रातील रंग पिवळा, मग लाल होत गेला म्हणजे ढगातील पाऊस वा गारा अधिक दाट झाल्या असे समजावे. हे रंग निराळे आणि जिल्हावार इशाऱ्याचे रंग निराळे. त्यांची गल्लत करू नये.

एक उदाहरण घेऊ. समजा, दुपारी तीन वाजताच्या चित्रात लाल ठिपका गावापासून ४० किलोमीटरांवर आहे आणि तीन वाजून वीस मिनिटांच्या चित्रात तो ३२ किलोमीटरांवर आला. वीस मिनिटांत आठ किलोमीटर म्हणजे ताशी २४ किलोमीटर वेग झाला. ह्या वेगाने तो ८० मिनिटांत गावावर येईल. परंतु जुन्या ढगाच्या पुढ्यात नवा ढग उठण्याचा संभव असतो, म्हणून हाती त्याच्या निम्माच वेळ, म्हणजे ४० मिनिटे आहेत असे धरून कामास लागावे.

रडारलाही मर्यादा आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे अंतर वाढेल तसतशी रडारची लहर जमिनीपासून उंच जाते. दोनशे किलोमीटरांवर ती साधारणपणे चार किलोमीटर उंचीवरून जाते, आणि तिच्याखाली काय घडत आहे ते तिला दिसत नाही. डोंगरही आड येतात. यास्तव रडारपासून दूर असलेल्या तालुक्यांत चित्र कोरे दिसले तरी आभाळाकडे पाहणे सोडू नये.

गावात घ्यावयाचा पडताळा

कोणते अ‍ॅप आपल्या गावास अधिक उपयोगी पडते, हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून ठरवू नये. नवे बियाणे जसे आधी एका वाफ्यात पेरून पाहावे, तसाच हा पडताळा घ्यावा. एका वहीत पाच रकाने आखावेत: तारीख, अ‍ॅपचे नाव, सूचना मिळाल्याची वेळ, सूचनेत काय म्हटले होते, आणि प्रत्यक्ष काय घडले व केव्हा. एप्रिलच्या आरंभापासून मेच्या अखेरपर्यंत ही वही नेमाने लिहावी.

अखेरीस दोन गोष्टी मोजाव्यात. सूचना येऊनही वादळ आले नाही असे किती वेळा झाले, आणि वादळ येऊनही सूचना आली नाही असे किती वेळा झाले. पहिल्या चुकीने ताडपत्री घालण्याचे श्रम वाया जातात. दुसऱ्या चुकीने पीक किंवा जीव जातो. दोन्ही चुका सारख्या मानू नयेत. चार वेळा फुकट धावपळ करावयास लावून पाचव्या वेळी माणसे वाचविणारे अ‍ॅप चांगलेच म्हणावे लागेल.

आधीची सिद्धता

अ‍ॅप उतरवून घेतले म्हणजे काम संपले असे नाही. मोबाईलमध्ये स्थान दाखविण्याची व सूचना देण्याची परवानगी त्या अ‍ॅपला द्यावी लागते. बॅटरी वाचविण्याची सोय चालू असेल, तर काही मोबाईल अशा सूचना रोखून धरतात. त्या अ‍ॅपपुरती ती बंद करावी. सूचनेचा आवाज मोठा ठेवावा. मोबाईल सकाळी पूर्ण भारून शेतावर न्यावा, कारण वादळात वीजपुरवठा खंडित होतो आणि कधी मोबाईलचे जाळेही कोलमडते. ज्याच्याजवळ साधा मोबाईल आहे, त्यास फोन करून कळविण्याचे काम शेजाऱ्याने अंगावर घ्यावे.

सूचना मिळाल्यावर

सूचना मिळाल्यावर क्रम चुकू देऊ नये: प्रथम माणसे, मग जनावरे, मग माल. कांद्याची पोळ झाकण्यासाठी मजुरांना विजांच्या कडकडाटात थांबवून ठेवणे हा कोणत्याही हिशेबाने फायद्याचा व्यवहार नव्हे. झाकावयाचा माल पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशी सकाळीच चाळीत न्यावा किंवा झाकून टाकावा, म्हणजे दुपारी मोह उरत नाही.

आसरा पक्क्या घराचा किंवा बंद मोटारीचा घ्यावा. एकट्या झाडाखाली, उघड्या मांडवात, विहिरीच्या काठी वा पाण्यात थांबू नये; तारेचे कुंपण व लोखंडी अवजारे यांपासून दूर राहावे. विजेच्या धक्क्याने पडलेल्या माणसास स्पर्श करण्यास भिऊ नये, कारण त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याचा श्वास थांबला असल्यास तत्काळ छाती दाबून हृदयक्रिया चालू करण्याचा प्रयत्न करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मोबाईल बंद पडला तरी एक अ‍ॅप प्रत्येकाजवळ असतेच. ते म्हणजे डोळे आणि कान. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत व त्यांस तीनाने भागावे, म्हणजे किलोमीटरांतील अंतर मिळते. हे सेकंद तीस किंवा त्याहून कमी भरले, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आली आहे असे समजून आसरा गाठावा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास लोटेपर्यंत बाहेर पडू नये.

कार्यकर्त्याचे काम

पुण्यात १९३२ साली हवामान विभागाची कृषिशाखा स्थापन झाली, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता आकाशवाणीवरून जाऊ लागली. त्या काळी चावडीवरील एका रेडिओभोवती बसून अनेकजण ती ऐकत. आज वार्ता प्रत्येकाच्या खिशात आली आहे. परंतु खिशात आली म्हणजे कानी पडलीच असे नाही. मार्च संपण्यापूर्वी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने एक संध्याकाळ राखून ठेवावी, गावकऱ्यांना मोबाईल घेऊन बोलवावे, ‘मौसम’ व ‘दामिनी’ त्यांत चालू करून द्यावीत, आणि वाडीवस्तीवर निरोप पोचविणारी चार माणसे नेमून द्यावीत. पडताळ्याची वही ग्रामपंचायतीत ठेवावी.

वादळ थांबविणे कोणाच्या हाती नाही. ते येत असल्याची वर्दी शेवटच्या शेतातील शेवटच्या मजुरापर्यंत वेळेवर पोचविणे मात्र गावाच्या हाती आहे.