प्रवाळ मत्स्यालयातील वाळूचा थर स्वच्छ कसा राखावा?

जबलपूर : खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ मत्स्यालयातील वाळू केवळ शोभेसाठी नसते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून तयार होणारी विषारी द्रव्ये निष्प्रभ करणारे असंख्य जिवाणू याच थरात वसतात. वाळूकडे दुर्लक्ष झाल्यास पाणी बिघडते आणि ती एकदम ढवळून धुतल्यास मासे दगावू शकतात. जबलपूरमधील कांचघर परिसरापासून जवळचा समुद्रकिनाराही सुमारे ७०० किलोमीटरवर आहे. अशा ठिकाणी बिघडलेले पाणी बदलण्यासाठी समुद्राचे पाणी मिळत नाही; प्रत्येक लिटर खारे पाणी घरीच तयार करावे लागते. त्यामुळे वाळूची नियमित निगा येथे अधिकच महत्त्वाची ठरते.

वाळूत नेमके काय घडते?

कुजणाऱ्या पदार्थांतून प्रथम अमोनिया तयार होतो. वाळूच्या वरच्या, प्राणवायूयुक्त थरातील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. थोडे खाली, जेथे प्राणवायू अत्यल्प असतो, तेथील जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात व तो पाण्याबाहेर निघून जातो. मात्र गाळ साचत गेला की तळाशी प्राणवायू उरत नाही. तेथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. वाळूतील काळे डाग आणि सडक्या अंड्यासारखा वास ही त्याची खूण. असा जुना, खोल थर अचानक उकरल्यास साचलेला वायू व गाळ पाण्यात मिसळतो.

कोणती वाळू योग्य?

नर्मदेची वाळू जबलपूरकरांना सहज उपलब्ध असली तरी ती मुख्यतः सिलिकायुक्त आहे. तिच्यासोबत माती व इतर खनिजेही येतात. भेडाघाटच्या संगमरवरात चुनखडीचा अंश असला, तरी बाजारात मिळणाऱ्या संगमरवरी चुरीचे कण धारदार असतात आणि तीत काय मिसळले आहे, याची खात्री देता येत नाही. प्रवाळ मत्स्यालयासाठी अ‍ॅरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटयुक्त खनिजाची वाळू प्रचलित आहे. साधारण एक ते दोन मिलिमीटर आकाराचे कण सोयीचे ठरतात. याहून फार बारीक वाळू प्रवाहाने उडते, तर जाड खड्यांच्या फटींत गाळ अडकतो. घरगुती टाकीत अडीच ते पाच सेंटिमीटरचा थर राखणे तुलनेने सोपे असते.

स्वच्छतेची पद्धत

पाणी बदलतानाच सायफन नळीने वाळू स्वच्छ करणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. नळीचे रुंद तोंड वाळूत खुपसल्यावर कण वर उसळतात. हलका गाळ पाण्याबरोबर बाहेर जातो. वाळू नळीत फार वर चढू लागताच नळी चिमटीत दाबून प्रवाह कमी करावा, म्हणजे ती पुन्हा खाली बसते. एका वेळी तळाचा एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच घ्यावा आणि पुढील खेपेस दुसरा. यामुळे जिवाणूंची वस्ती टिकून राहते. वर्षानुवर्षे न हलवलेल्या खोल थराला मात्र या पद्धतीने हात लावू नये. तेथे केवळ पृष्ठभागावरील गाळ ओढून घ्यावा.

दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला सुमारे दहा टक्के पाणी बदलणे पुरेसे असते. शंभर लिटरच्या टाकीसाठी हे दहा लिटर होते. नळाच्या पाण्यातील फॉस्फेट व सिलिकेट शेवाळाला पोषक ठरत असल्याने आरओ यंत्राचे शुद्ध पाणी वापरावे. लिटरमागे साधारण ३५ ते ४० ग्रॅम सागरी मीठ मिसळून क्षारता हजारी ३५ च्या आसपास आणावी. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. त्यात प्रवाळांना लागणारे कॅल्शियम व मॅग्नेशियम पुरेसे नसते.

नव्या टाकीत वाळूवर येणारा तपकिरी थर बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालाचा असतो व काही आठवड्यांत ओसरतो. लालसर, चिकट पापुद्रा मात्र सायनोबॅक्टेरियाचा असू शकतो. तो सायफनने काढून खाद्य कमी करावे आणि पंपाचा झोत त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचवावा.

उन्हाळ्यात विशेष दक्षता

जबलपूरचे तापमान उन्हाळ्यात ४० अंशांपलीकडे जाते. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि कुजण्याची क्रिया वेगावते. वीज जाऊन पंप थांबल्यास वाळूतील प्राणवायू झपाट्याने घटतो. म्हणून या काळात खाद्य मोजकेच द्यावे व बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा. बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोड्या शुद्ध पाण्याने भरावे, कारण मीठ टाकीतच उरते.

नैसर्गिक सफाईदार आणि कायदा

वाळूत वावरणाऱ्या नासारियस गोगलगायी उरलेले खाद्य संपवतात, तर वाळू चाळणारे गोबी मासे वरचा थर हलता ठेवतात. समुद्रात हे काम मोठ्या प्रमाणावर सागरी काकडी करते. ऑस्ट्रेलियातील हेरॉन बेटाच्या प्रवाळभित्तीवर या प्राण्यांच्या पोटातून वर्षाला ६४ हजार टनांहून अधिक गाळ बाहेर पडतो, असा अंदाज २०२१ मध्ये संशोधकांनी मांडला.

परदेशांतील अनेक हौशी मंडळी सागरी काकडी टाकीत पाळतात. भारतात मात्र २००१ साली तिच्या सर्व प्रजातींचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. लक्षद्वीपमध्ये २०२० साली तिच्यासाठी स्वतंत्र संवर्धन क्षेत्रही घोषित झाले. भित्ती उभारणाऱ्या प्रवाळांनाही २००१ पासून याच कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे मालवणसारख्या किनाऱ्यावरून, जेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, टाकीसाठी जिवंत वा मृत प्रवाळाचे तुकडे आणणे कायदेशीर अडचणीचे ठरू शकते. कोणताही सागरी जीव विकत घेताना त्याच्या वैध स्रोताची कागदपत्रे मागणे ग्राहकाच्या हिताचे आहे.