बावीस पोरं, सहाशे मिनिटं

रविवारी संध्याकाळी मी ऑकलंडहून आईला फोन करतो तेव्हा सांगलीत दुपारची जेवणं व्हायची असतात. रग्बी म्हणजे काय हे तिला मी तीनदा समजावलं. तिच्या लेखी ती अजून "त्या अंड्यासारख्या चेंडूची मारामारी"च आहे. पण प्रश्न ती नेमका विचारते. जिंकलात का, हे कधीच नाही. "पोराला खेळवलं का रे, का नुसतंच बसवलं?"

या प्रश्नाला इतिहास आहे. शाळेच्या खो-खो संघात मी तीन वर्षं राखीव होतो. बारा गड्यांतले नऊ मैदानात, तीन बाहेर, आणि त्या तिघांत मी कायमचा. खो-खोत पाटीवर बसणाराही खेळत असतो. मी नुसताच बसलेला, तोही चुन्याच्या रेघेबाहेर. तालुक्याच्या स्पर्धेला आई डबा घेऊन आली होती. डबा मी खाल्ला, खेळलो मात्र नाही. ते ती विसरलेली नाही.

म्हणून माझा मुलगा तेरा वर्षांखालच्या रेप टीमच्या निवड चाचणीला उभा राहिला तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. रेप म्हणजे प्रातिनिधिक संघ. इथे हिवाळाभर, साधारण एप्रिल ते ऑगस्ट, मुलं आपापल्या क्लबकडून दर शनिवारी खेळतात. तो हंगाम संपला की निरनिराळ्या क्लबांतली वेचक मुलं एकत्र करून विभागाचा संघ होतो आणि तो दुसऱ्या विभागांशी खेळतो. क्लबच्या खेळात कनिष्ठ गटांना एक नियम आहे: संघातल्या प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना मिळालाच पाहिजे. इंग्लंडच्या रग्बी युनियननंही हेच सूत्र वयोगटांच्या नियमावलीत घातलं आहे. पण 'रेप' हा शब्द निघाला की हा नियम भल्याभल्यांना एकदम धूसर दिसायला लागतो.

चाचणी तीन रविवार चालली. साठ-सत्तर मुलं, प्रत्येकाच्या दंडावर मार्करनं लिहिलेला आकडा, आणि कडेला जाकिटाच्या टोप्या ओढून उभे असलेले चार निवडकर्ते. आम्ही पालक त्यांच्यापासून मुद्दाम लांब, पण कान तिकडेच. पहिल्या रविवारी मला वाटलं, हे सोपं आहे, जो ट्राय करतो, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेघेपलीकडे टेकवतो, तो निवडला जातो. दुसऱ्या रविवारी चौघांतला एक म्हातारा निवडकर्ता पाण्याच्या बाटल्यांपाशी आला, तेव्हा बघता बघता कळलं की तो चेंडूकडे पाहतच नव्हता. एखादा मुलगा टॅकल करून, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडताना, स्वतः पडला की त्याची नजर त्या मुलावर खिळायची. उठायला किती वेळ लावतो? उठल्यावर चेंडूकडे धावतो की गुडघ्यावरची माती झटकतो? त्याच्या वहीत आकड्यांपुढे नुसत्या उभ्या रेघा होत्या. एक रेघ म्हणजे एकदा झटकन उठला.

पण बाकीच्या तिघांचं लक्ष, सरळ सांगायचं तर, उंचीवर होतं. इथे वयाची मोजणी १ जानेवारीला होते. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात, म्हणजे जवळजवळ वर्षाचं अंतर. बारा-तेराव्या वर्षी ते अंतर डोक्याच्या उंचीत आणि मांडीच्या घेरात दिसतं. हे न्यूझीलंडवाल्यांना कळत नाही असं नाही. ऑकलंडमध्ये मुलांसाठी वजनाचे वेगळे गट आहेत, आपल्याकडे कबड्डीत किशोर गटाला वजनाची मर्यादा असते तसे. तरी प्रत्येक वजनगटातही लवकर वाढलेला मुलगा आधी डोळ्यांत भरतो. पुढे जन्मतारखांची यादी माझ्याच हातात आली. तिच्यात वर्षाच्या पहिल्या महिन्यांची गर्दी होती आणि शेवटचे महिने जवळपास रिकामे. माझा मुलगा नोव्हेंबरचा. तो कसा निवडला गेला याचं मला आजही कोडं आहे. बहुधा त्या म्हाताऱ्याच्या उभ्या रेघा कामी आल्या.

निवड ईमेलनं कळते, रात्री आठला. मैदानावर नावं वाचून दाखवायची जुनी पद्धत आता गेली, हे बरंच झालं. रडायचं तर घरी रडता येतं.

यादी माझ्या हातात आली कारण मी मॅनेजर झालो. मॅनेजर म्हणजे हमाल. जर्सी धुणं, बाटल्या भरणं, संघाचा तक्ता पंचांकडे देणं, आणि डोक्याला मार लागून निळं कार्ड मिळालेल्या मुलाच्या घरी रीतसर कळवणं. कोच सुतारकाम करणारा, मनानं मोठा माणूस. पहिल्याच सरावाला त्यानं मला एक स्टॉपवॉच आणि कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा दिला. बावीस ओळी, प्रत्येक ओळीत 'आत' आणि 'बाहेर'. "पेन नको, पेन्सिल घे," म्हणाला. "पावसात शाई पळते."

पहिले तीन शनिवार मी तो तक्ता इमानदारीनं भरला आणि इमानदारीनं पिशवीत कोंबला. बेरीज कधी केलीच नाही. मिनिटं लिहिली म्हणजे न्याय झाला अशी काहीतरी माझी समजूत असावी.

चौथ्या सामन्याला पाऊस होता. वीस-वीस मिनिटांची दोन सत्रं. आम्ही १२–१०नं पुढे. मध्यंतरानंतर कोचनं एकवीस नंबरला सांगितलं, "तयार राहा." हा पोरगा राखीव हाफबॅक. हाफबॅक म्हणजे स्क्रम आणि रक या चेंडूसाठीच्या ढकलाढकलींमधून बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक चेंडू ज्याच्या हातून जातो तो. संघाची मानच म्हणा. त्यानं जाकीट काढून घडी घातली, माउथगार्ड तोंडात बसवला आणि रेघेपाशी उड्या मारायला लागला. तेवढ्यात समोरच्यांनी आमच्या पाच मीटर रेघेपर्यंत धडक मारली. कोच म्हणाला, "थांब जरा." पोरानं जाकीट घातलं. हे चार वेळा झालं. काढलं, घातलं, काढलं, घातलं. माउथगार्ड मात्र त्यानं एकदाही काढला नाही, वीस मिनिटं चावत राहिला. शेवटची शिट्टी झाली. आम्ही जिंकलो. हस्तांदोलनाच्या रांगेत एकवीस मुलं गुडघ्यापासून कानापर्यंत चिखलानं माखलेली, आणि मधे एकाची चड्डी दुकानातून आणल्यासारखी पांढरी. त्याचे आजोबा दीड तास गाडी चालवून आले होते. त्यांनी मला "छान झाला सामना" म्हटलं आणि नातवाच्या डोक्यावर टोपी घातली.

त्या रात्री मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चारही तक्ते पसरले. एकवीस नंबर: बारा, आठ, अकरा, शून्य. एकशे साठपैकी एकतीस मिनिटं. पाच मुलं पूर्ण एकशे साठ. माझा मुलगा एकशे बेचाळीस. हा आकडा मला तक्ता न बघताही सांगता आला असता, आणि मला खटकलं ते तेच. स्टॉपवॉच माझ्याच गळ्यात होतं, तरी या पोराला आपण काय देतोय हे पांढरी चड्डी दिसेपर्यंत मला कळलं नव्हतं. कोचनं त्याला मुद्दाम डावललं असंही नाही. तीन सामन्यांत तो त्याला "आता घालतो, आता घालतो" म्हणतच होता. अन्याय व्हायला कोणी दुष्ट असावं लागत नाही, गुणफलक चुरशीचा असला की पुरतं.

मग मी साधं गणित मांडलं. मैदानात पंधरा जण, चाळीस मिनिटं: एका सामन्यात वाटायला सहाशे मिनिटं. बावीस जणांना प्रत्येकी अर्धा सामना द्यायचा तर लागतात चारशे चाळीस. म्हणजे सगळ्यांचं देणं फिटल्यावरही कोचच्या हातात एकशे साठ मिनिटं उरतात. आठ पोरांना पूर्ण चाळीस, चौदांना वीस-वीस. झालं. स्क्रमच्या पहिल्या फळीत तयार केलेला मुलगाच उभा करता येतो, नाहीतर स्क्रम नुसता नावापुरता, ढकलाढकलीशिवाय होतो. म्हणून हुकरच्या जागी हुकर, प्रॉपच्या जागी प्रॉप, एवढं बंधन पाळायचं. बाकी मोकळीक.

मंगळवारी सरावानंतर मी कागद कोचपुढे ठेवला. तो व्हॅनच्या पायरीवर बसून बराच वेळ बघत राहिला. रोज लाकूड मोजणारा माणूस, आकडे त्याला लगेच पटतात. "एकशे साठ हातात राहतात?" म्हणाला. "मग मी एवढा घाबरत का होतो?" आणि पुढच्याच दमात: "पण हाफबॅक नको. तिथं एक चूक झाली की सामना गेला." मी म्हटलं, पहिला हाफबॅक शेवटच्या दहा मिनिटांत दमतो, गेल्या दोन सामन्यांत त्याच्या दोन किक समोरच्यांनी अडवल्या, तेही माझ्या तक्त्याच्या मागे लिहिलं आहे. तो हसला. "मॅनेजर फार शहाणा झाला." कागद मात्र घडी करून खिशात घातला.

रेप टीम या वयात असावीच का, हा वाद न्यूझीलंडमध्ये जुना आहे. २०१९ साली रग्बी, क्रिकेट, फुटबॉल, हॉकी आणि नेटबॉल या पाच खेळांच्या राष्ट्रीय संघटनांनी स्पोर्ट न्यूझीलंड या सरकारी क्रीडा संस्थेबरोबर एका जाहीर निवेदनावर सह्या केल्या. लहान वयातली चाळणी आणि जिंकण्याचा हव्यास यांनी मुलं खेळ सोडतात, तेव्हा ते बदलायचं, असा त्याचा सूर होता. त्याच सुमारास ऑकलंडच्या हार्बर ब्रिजच्या उत्तरेकडची नॉर्थ हार्बर रग्बी युनियन एक पाऊल पुढे गेली. तिनं कनिष्ठ प्रातिनिधिक संघच बंद करून सगळ्यांना खुला कार्यक्रम आणायचं जाहीर केलं. पालकांत केवढा गदारोळ! मला तो निर्णय तेव्हा भित्रा वाटला होता. चार तक्त्यांची बेरीज केल्यावर तितका भित्रा वाटेना, पण पटलेला अजूनही नाही. ज्याला चांगलं खेळता येतं त्याला आपल्यासारख्यांबरोबर खेळावंसं वाटणारच. निवड कडक करा, सत्तरातून बावीसच घ्या, उरलेल्यांना रात्री आठला ईमेल पाठवा. पण एकदा जर्सी अंगावर घातलीत की तिच्याबरोबर मिनिटंही आलीच. लग्नाला बोलवायचं आणि पंगतीत पान मांडायचं नाही, ही कुठली रीत? नकोच होता तर बोलवायचा नव्हता.

  

पाचव्या सामन्याला कोचनं मध्यंतरातच एकवीस नंबरला आत घातलं. त्याचा पहिलाच पास डोक्यावरून गेला, समोरच्या विंगरनं उचलला आणि थेट ट्राय. कोचनं माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहिलं. पुढची पाच मिनिटं कडेला कोणी बोललं नाही. मग पोराचा हात बसला. पास लहान द्यायला लागला, पुढच्या फळीतल्या थोराड मुलांना ओरडून जागेवर ढकलायला लागला. आवाज किती मोठा आहे त्याचा हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. एकदा आमच्या रेघेपाशी त्यानं स्वतःच्या दीडपट मुलाच्या पायांना मिठी मारली, पडला आणि झटकन उठला. तो म्हातारा निवडकर्ता असता तर वहीत रेघ पडली असती. सामना आम्ही हरलो, १७–१२.

मी बाटल्या गोळा करत होतो तेव्हा तो शेजारी येऊन उभा राहिला. चड्डीचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. एका नाकपुडीत कापसाचा बोळा.

"माझं किती लिहिलंत?"

मी तक्ता दाखवला. एकवीस नंबरपुढे वीस. मनातून मी खूश होतो, बरोब्बर अर्धा सामना.

त्यानं आकड्यावर बोट ठेवलं. "नाकातून रक्त आलं म्हणून मी मधे बाहेर होतो. तुम्ही पलीकडे पाणी देत होतात. दोन मिनिटं."

"असू दे रे," मी म्हटलं. "राहू दे वीसच."

"पण अठराच आहेत."

पेन्सिलीच्या मागचं रबर पावसानं मऊ झालं होतं. वीस पुसताना कागद जरा फाटला. मी शेजारी अठरा लिहिलं, त्यानं वाकून खात्री केली आणि आजोबांच्या गाडीकडे निघून गेला.