गाठ साधी की कर्करोगाची?

केसांची मुळं, तेलग्रंथी, घामाच्या ग्रंथी ही त्वचेची उपांगं. त्यांच्या गाठी बहुधा निरुपद्रवी, पण नुसत्या डोळ्यांना फसव्या. नाकाशेजारची कातडीच्याच रंगाची बारीक गाठ घ्या. ती केसाच्या मुळाची साधी ट्रायकोएपिथेलिओमा असेल किंवा बेसल सेल कार्सिनोमा हा कर्करोग. म्हणून बायोप्सी करतात, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तो फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मेणात बसवून ४-५ मायक्रॉनचे काप घेतात आणि रंगवतात.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत गडद निळ्या पेशींचे पुंजके दिसतात, आणि खरी परीक्षा इथेच असते. कर्करोगात पुंजका आणि त्याभोवतीची ऊती यांच्यात बारीक फट पडलेली असते. साध्या गाठीत फट पडलीच तर ती तंतुमय ऊतीच्या आतच पडते, शिवाय केसाच्या मुळाची अर्धवट नक्कल जागोजाग सापडते. तरीही शंका उरली तर सीके-२० या प्रथिनाची चाचणी करतात. साध्या गाठीत त्यामुळे विखुरलेल्या मर्केल पेशी, म्हणजे त्वचेतल्या स्पर्शाच्या पेशी, उठून दिसतात. कर्करोगात त्या सहसा नसतात.

हे सगळं पुरेसा तुकडा हाती आला तरच. वरवर खरवडलेल्या नमुन्यात गाठीचा तळ येत नाही आणि अनुभवी पॅथॉलॉजिस्टचेही हात बांधले जातात. व्रण राहील या भीतीने खोल बायोप्सी नाकारू नका. घरात आणखी कुणाला अशा गाठी असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.