फ्रेंच शाळेचा लाभ आणि घरची भाषा

मुलाला जितक्या अधिक भाषा, तितका त्याच्या डोक्याला ताप, अशी समजूत अजूनही पुष्कळ घरांत आहे. मॉरिशसमध्ये तर मूल क्रिओल बोलत शाळेत येते, इंग्रजीत छापलेली पुस्तके उघडते, पहिलीपासून फ्रेंच शिकते आणि आपल्या घरचे असेल तर मराठीच्या तासालाही बसते. यातले काय ठेवावे आणि काय सोडावे, याचा विचार करताना कॅनडातील एका गावाची हकीकत प्रत्येक पालकाने जाणून घेण्यासारखी आहे.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोकांची भाषा फ्रेंच आहे. तेथे माँट्रियल शहराजवळच्या सेंट लॅम्बर्ट गावी इंग्रजी बोलणारी कुटुंबेही राहतात. त्यांची मुले शाळेत अनेक वर्षे फ्रेंच शिकत, पण फ्रेंच शेजाऱ्याशी त्यांना धड बोलता येत नसे. १९६३ मध्ये काही पालक एकत्र जमले आणि शाळा मंडळाकडे सतत पाठपुरावा करून त्यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये एक नवा बालवर्ग सुरू करून घेतला.

या वर्गात बाई पहिल्या दिवसापासून फ्रेंचच बोलत. गाणी, गोष्टी, खेळ सारे फ्रेंचमध्ये. मुले आपसात इंग्रजी बोलली तरी त्यांना कोणी रागावत नसे. बाई उत्तर मात्र फ्रेंचमध्ये देत. पुढे वाचन आणि गणितही फ्रेंचमधूनच शिकवले गेले. दुसरीपासून इंग्रजीचा तास सुरू झाला आणि वरच्या वर्गांत इंग्रजीचा वाटा वाढत गेला. पाण्यात उतरल्यावर पोहणे येते, तशी ही पद्धत आहे.

मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांची वर्षानुवर्षे पाहणी केली व १९७२ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आरंभी ही मुले इंग्रजी वाचनात थोडी मागे राहिली, पण इंग्रजीचा तास सुरू झाल्यावर लवकरच इतरांच्या बरोबरीला आली. गणितातही ती मागे पडली नाहीत. फ्रेंच ऐकून व वाचून समजण्यात त्यांनी मोठी मजल मारली. बोलताना आणि लिहिताना मात्र व्याकरणाच्या चुका राहिल्या. या मुलांना फ्रेंच बोलणारे सवंगडी फारसे नव्हते, हे त्याचे एक मोठे कारण होय. आज कॅनडात चार लाखांहून अधिक मुले अशा वर्गांत शिकत आहेत.

या यशामागे एक अट आहे. सेंट लॅम्बर्टच्या मुलांची इंग्रजी घरात, रस्त्यावर, वर्तमानपत्रांत भक्कम होती आणि शाळेनेही तिला पुन्हा जागा दिली. म्हणून फ्रेंचची भर पडली आणि काही गमावले गेले नाही. जिथे घरच्या भाषेला आधार नसतो, तिथे नवी भाषा जुनीची जागा घेते. लॅम्बर्ट यांनी हे दोन प्रकार वेगळे करून दाखवले: एकात भाषेची बेरीज होते, दुसऱ्यात वजाबाकी.

आता आपल्याकडे पाहू. "गुरुजी, मराठी सोडून त्या वेळात फ्रेंचची शिकवणी लावावी काय?" असे पालक मला विचारतात. त्यांची काळजी खरी आहे, कारण परीक्षा आणि नोकरी कोणाला चुकली आहे? परंतु फ्रेंच आपल्या मुलांना वर्तमानपत्रात, दूरदर्शनवर, दुकानात रोज भेटते. क्रिओलचे बहुतेक शब्दही फ्रेंचमधूनच आले आहेत. मराठीला मात्र शाळेतला तो तास आणि आपले घर एवढेच आधार आहेत. तेही काढून घेतले तर वजाबाकीच होणार.

शिवाय मराठीच्या वर्गालाही सेंट लॅम्बर्टपासून शिकता येईल. धडा क्रिओलमध्ये समजावून सांगण्यापेक्षा "पुस्तक उघडा", "रांगेत उभे राहा", "किती झाले, मोजा" हे सारे मराठीतच बोलावे. चित्रकला, मोजणी, खेळ मराठीतून घ्यावेत. मूल क्रिओलमध्ये उत्तरले तरी त्याला लाजवू नये, आपण मराठीतच पुढे बोलावे.

घरी रात्रीच्या जेवणाची वेळ मराठीसाठी राखावी. गणेश चतुर्थीला मुले आरती तोंडपाठ म्हणतात. तिचा अर्थही त्यांना सोप्या मराठीत सांगावा. आणि बोलायला सोबती हवेत, म्हणून रविवारी चुलत-मामे भावंडांना एकत्र बसवून मराठीत खेळू द्यावे. आजी-आजोबा घरात असतील तर याहून चांगली शाळा दुसरी नाही. पालकहो, मुलांना फ्रेंच अवश्य उत्तम येऊ द्या. तिची किंमत मात्र मराठीने चुकवू नका.