मांजराच्या लकबी : केव्हा हसावे, केव्हा धावावे



इकडे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मांजर म्हणजे घरचेच माणूस. मुले लांब राहतात, घरात दोन म्हातारी माणसे आणि सोफ्यावर एक बोका! त्याच्या लकबी पाहून कधी हसू येते, कधी काळजी वाटते. म्हणून आम्ही ही थोडी माहिती देत आहोत.

मांजर मांडीवर बसून कणीक तिंबल्यासारखे पंजे चालवते. पिल्लू असताना दूध यावे म्हणून ते आईचे पोट असेच दाबत असते, तीच सवय पुढे राहते. डोके पायाला घासते, कारण त्याच्या गालांत वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात. 'हे माणूस माझे' अशी खूणच करते म्हणा ना! बूट हुंगून क्षणभर तोंड वासले तर घाबरू नका. टाळूतल्या एका इंद्रियाने ते वास तपासत असते. पक्षी पाहून दात कटकटवणे, संध्याकाळी घरभर धावत सुटणे, हा शिकारी स्वभाव. 5 नोव्हेंबरच्या फटाक्यांना भिऊन पलंगाखाली दडणे, हेही साहजिकच.

मग काळजी केव्हा करायची? तालमूदमध्ये रब्बी योहानान यांनी मांजराच्या विनयाची तारीफ केली आहे. ते आपली घाण झाकते, आणि दुखणेही झाकते. घुरघुरते म्हणजे खुशीतच आहे असे नाही. दुखत असतानाही ते घुरघुरते. वॉर्डात आम्ही नर्सा एक गोष्ट शिकलो : कालच्यापेक्षा आज काय बदलले ते बघायचे. मांजरालाही हाच नियम.

बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, पण लघवी होत नाही, तर मार्ग बंद झालेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्र असली तरी व्हेटला फोन करा, सकाळची वाट बघू नका. तोंड उघडे ठेवून धापा टाकत असेल तरी तेच. दिवसभर अन्नाला शिवले नाही, तर व्हेटला विचारा. म्हातारे मांजर भरपूर खाते, रात्री ओरडते आणि तरी वाळत जाते, तर थायरॉईड असू शकतो. रक्त तपासून कळते, औषधही आहे.

आता आपल्याच घरातले धोके. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आपल्या गोळ्या त्याला कधीही देऊ नका आणि खाली पडलेली गोळी लगेच उचला. शब्बाथच्या टेबलावर लिलीची फुले नकोत. नुसते पराग चाटले तरी त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. रश्शातले कांदा-लसूणही त्याला विषारीच.

पैशांची अडचण असली तर संकोच करू नका. मारिया डिकिन यांनी 1917 मध्ये लंडनात सुरू केलेली पीडीएसए ही संस्था, ठरावीक सरकारी बेनिफिट घेणाऱ्यांच्या जनावरांवर मोफत किंवा कमी खर्चात उपचार करते. आपला पत्ता त्यांच्या हद्दीत येतो का, ते विचारून घ्या. आणि 10 जून 2024 पासून इंग्लंडमध्ये 20 आठवड्यांपुढच्या पाळीव मांजराला मायक्रोचिप सक्तीची आहे, हेही लक्षात असू द्या.

मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. आजी-आजोबांकडे गेलात की मांजराला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. उत्तर तारखेसह वहीत लिहा. आकडा दर वेळी उतरत असेल तर मोठ्यांना सांगा. मांजर स्वतः काही सांगणार नाही, बरं का!