रस्ते मिळतात कोठे?

शहराची वाढ सांगताना लोकसंख्येचा आणि विस्ताराचा आकडा दिला जातो. परंतु तेथे राहणाऱ्या माणसाची सोयगैरसोय बहुतांशी ठरते ती रस्ते एकमेकांना कोठे मिळतात यावरून. बडोद्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

जुन्या बडोद्याच्या मध्यभागी मांडवी आहे. तेथून चार रस्ते निघून लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या दरवाजांना भिडतात. त्यांच्या आजूबाजूस पोळा आहेत. पुष्कळ पोळांना तोंड एकच. म्हणजे बंद गल्ल्या तेथेही होत्याच. मात्र पोळ आखूड असल्यामुळे थोडे चालले की बाजार लागे. १९१६ साली पॅट्रिक गेडिस यांनी बडोद्याच्या विकासाविषयी अहवाल लिहिला. जुन्या वस्त्यांतून सरसकट रुंद रस्ते काढण्यापेक्षा मोजकी पाडापाड करून गल्ल्या मोकळ्या कराव्यात, अशी त्यांची हिंदुस्थानातील एकंदर दृष्टी होती.

पुढे शहर रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेस गोत्री, वासणा, भायलीकडे पसरले. रूळ ओलांडण्याच्या जागा मोजक्याच. पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात पाणी भरले की त्यांतील एक बंद होते. त्यातच नव्या सोसायट्यांना चहूबाजूंनी भिंत आणि फाटक एकच. भिंतीपलीकडच्या मित्राकडे जाण्यास मुलाला फाटकातून मोठ्या रस्त्यावर येऊन दुसऱ्या फाटकाने आत शिरावे लागते. साहजिकच पायी चालणे सुटते, वाहन येते, आणि सर्व वाहने त्या एकाच रस्त्यावर लोटतात. रस्ता रुंद केला तरी दुसरी वाट नसल्याने कोंडी पुन्हा होते.

यावरील उपाय गुजरातेत परिचित आहे. १९७६ च्या कायद्यानुसार नगररचना योजनेत अनेक मालकांच्या जमिनी एकत्र विचारात घेऊन रस्ते आखतात व मालकांना नव्या आकाराचे भूखंड देतात. क्षेत्र घटते, पण प्रत्येक भूखंडास रस्ता मिळतो. मात्र ही आखणी घरांच्या आधी व्हावयास हवी. अमेरिकेत बंद गल्ल्यांचे प्रमाण सुमारे १९९४ पर्यंत वाढत गेले व नंतर नव्या वस्त्यांत घटू लागले; तरी आधीच्या वस्त्या तशाच राहिल्या.

जुने घर पाडून नवे बांधता येते. चुकलेली आखणी पुढच्या पिढ्यांना पायांनी मोजावी लागते. जेथे ती चुकलीच आहे, तेथे भिंतीत पादचाऱ्यांसाठी एक लहान दार ठेवले, तरी कित्येकांचा फेरा वाचेल.